पोटगीची तारीख

"बाळ, जरा गोल फिरून दाखव," बापाचा वकील म्हणाला. आणि मी फिरले.

एकदा नाही, दोनदा. अकरा वर्षांची होते. लातूरच्या कोर्टात उभी. अंगात पिवळा फ्रॉक, शाळेतल्या बाईंच्या मुलीचा, मागून आणलेला. मला वाटलं, वकिलाला फ्रॉक आवडला. अक्कल तेवढीच. घेर फुलावा म्हणून टाचेवर फिरले.

"बघा साहेब," वकील न्यायाधीशांना म्हणाला, "ही पोर उपाशी दिसते का? डोक्याला तेल, केसांत रिबिनी. आई दुष्काळी कामावर मजुरी घेते. मग पोटगी कशाला? रिबिनींना?"

कोर्ट हसलं. साहेब हसले. बाकावर माझा बापही हसला. सगळ्यांत आधी मीच हसले होते, ते वेगळंच.

जिल्हा नवा झाला आणि बाप कलेक्टर कचेरीत कारकून लागला. इस्त्रीचा सदरा आला, मनगटावर घड्याळ आलं, मग दुसरी बायको आली. माय आणि मी देवणीकडच्या गावातच राहिलो. तिथं हापसा हलवला की नुसता आवाज यायचा. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तारखेला आलो की त्या दिवसाची हजेरी बुडायची.

तिची चूक एवढीच. धम्म घेतल्यापासून आमच्या वस्तीचा दंडक होता, कचेरीत मळकं जायचं नाही. म्हणून तिनं प्यायचं पाणी माझ्या अंगावर ओतलं, उसनं तेल चोपडलं. आमची अब्रूच त्या वकिलानं पुरावा म्हणून दाखवली. साहेबांनी तात्पुरती पोटगी लावली, मागितल्याच्या पावपट. आणि पुढची तारीख.

बाहेर आमचाच वकील मायवर चिडला. "बाई, अशी नटवून आणतात का? पुढच्या वेळी फाटकं घाला हिला. चप्पल नको. रडली तर बरंच."

"हाव साहेब," माय म्हणाली.

घरी तिनं माझा शाळेचा झगा काढला आणि शिवण उसवायला बसली. बोटं खडीनं फुटलेली. दोरा सापडेना.

"फाडू नको, माय."

"गप. पैसे पाहिजेत का न्हाई तुला?"

"पाहिजेत. पन फाटकं घालून न्हाई."

तिनं थोबाडीत दिली. आणि मग रडत बसली, झगा मांडीवर तसाच.

पुढच्या तारखेला मी तोच झगा धुऊन घातला. बापाचा वकील पुन्हा गोड आवाजात म्हणाला, "फिर बाळ."

"न्हाई फिरत." मी बापाकडं बोट केलं. "त्याला फिरवा. त्याचा सदरा बघा. घड्याळ बघा."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी मला बाहेर काढायला सांगितलं. पट्टेवाल्यानं दंडाला धरून पायरीवर आणून सोडलं. माझी क्रांती एवढीच, दीड मिनिटाची. पोटगी एका रुपयानंही वाढली नाही.

एसटीत माय म्हणाली, "लई झालं. सोडून देऊ."

"न्हाई," मी म्हणाले.

तिला लिहिता येत नव्हतं, मला येत होतं. घरी येऊन वहीचं मधलं पान काढलं. पोटगी वाढवण्याचा अर्ज. वह्या, फी, ज्वारी, तेल, रिबिनीसुद्धा लिहिल्या. सगळ्या अर्जांत शेवटी असतं ते 'कृपा व्हावी' लिहिलं नाही. लिहिलं, हा खर्च बापाचा आहे. नाही वाढवला तर पुन्हा अर्ज करीन. सज्ञान होईपर्यंत, दर वर्षी करीन.