कौसल्याताईंचा राग आणि धर्माचा रकाना

कौसल्याताईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या ओरडण्यानं झाली. या गौरवग्रंथासाठी 'त्यांच्या शांत, सोशिक स्वभावावर लिहा' असं कळवणाऱ्या संपादकांनी हे आधीच ऐकून ठेवावं.

दौंडजवळच्या राहू गावाहून येऊन मी रांजणगावच्या एका कारखान्यात संगणक विभागात रुजू झालो, तेव्हा ताई तिथली डेटा डिक्शनरी सांभाळत. कामगारांच्या नोंदीत कोणते रकाने असावेत, कोणत्या रकान्यात काय बसावं, हे ठरवणाऱ्या व्याख्यांचा तो साठा. व्याख्या बदलली की ती पुन्हा कंपाइल करायची, मग सगळे प्रोग्राम तिचं ऐकत. पहिल्याच दिवशी एक व्याख्या बदलायला मी नुसती कमांड टाइप केली आणि एंटरकडे बोट नेलं.

"हात काढा!" ताई कडाडल्या. "म्होरं स्लॅश ऑडिट टाका. कोण बदलतंय आन् कशापायी, ते लिवा. निनावी हुकूम सोडायचा न्हाई हितं."

हा पर्याय न टाकताही काम होई, आणि आमचे वरिष्ठ तो कधीच टाकत नसत. ताईंनी मात्र त्याच्याशिवाय एकही व्याख्या बदलली नाही.

माझ्या वडिलांना दौंडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा मला कामावर पाहून त्या अशाच खवळल्या. "आबा तिकडं आन् तुम्ही हितं? निघा आधी!" माझी पाळी त्यांनीच केली आणि रजाही साहेबांशी भांडून मिळवून दिली. सोशिकपणा यात कुणाला दिसत असेल तर दिसो बापडा.

आता खरी गोष्ट. ताई केंदूरच्या, बौद्ध कुटुंबातल्या. त्यांच्याच गावचा एक कामगार एकदा सेवेचा दाखला घेऊन आला. अर्जावर त्यानं धर्म 'बौद्ध' असा स्वच्छ लिहिला होता, आणि दाखल्यावर छापून आलं होतं 'हिंदू'.

"म्याडम, नाव माझं, बाप माझा, आन् धर्म तेवढा मशीनचा व्हय?"

मुख्य कचेरीतून तयार आलेल्या व्याख्येत बौद्ध धर्माला जागाच नव्हती. जो धर्म तिला माहीत नाही, त्याच्या जागी ती आपोआप 'हिंदू' भरत असे. ताईंनी स्वतःची नोंद उघडली. तीही तशीच!

विभागप्रमुखांनी "पगारात काही फरक पडतो का?" असं विचारत कित्येक महिने काढले. आज हे लिहितानाही माझं डोकं फिरतं. माणसाचा धर्म परस्पर बदलायचा आणि वर पगाराचं विचारायचं! ताई हटेनात, तेव्हा साहेब म्हणाले, "बरं, बदला. पण ऑडिट टाकू नका. आधी काही चुकलं होतं असं दिसायला नको. गुपचूप उरका."

"गुपचूप का म्हणून, साहेब? चूक हुती, हे लिवल्याबिगर मी एंटर दाबणार न्हाई. आन् कुणाला दाबूबी देणार न्हाई."

साहेबांनी बढतीची आठवण करून दिली. ताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्या देखतच कमांडपुढे स्वतःचं नाव आणि कारण लिहिलं: 'बौद्ध कामगारांचा धर्म चुकीचा नोंदवला होता, म्हणून.' व्याख्या कंपाइल झाली. मग मूळ अर्ज काढून त्यांनी एकेकाची नोंद दुरुस्त केली.

बढती अर्थातच दुसऱ्याला मिळाली. ताई निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीत राहिल्या. आणि हेच साहेब बदली होऊन जाताना निरोपाच्या भाषणात म्हणाले, "हे पुरोगामी पाऊल आमच्या विभागानं उचललं." आमच्या! ताई समोरच बसल्या होत्या, त्यांचं नाव घ्यायला साहेबांची जीभ वळली नाही.

परवा ताईंनी साठी पूर्ण केली. त्यांची भाची नुकतीच शिरूर तालुक्यातल्या दुसऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागली आहे. तिथल्या नव्याकोऱ्या संगणकात धर्माच्या रकान्यात तिच्यासाठी एकच शब्द होता: इतर. लगेच ताईंचा मला फोन आला. "आमची पोर 'इतर' हाय म्हनं! कवा येताय? जायाचं हाय तिथं."

ताई, तुम्ही आता निवांत विश्रांती घ्यावी, अशी इच्छा या ग्रंथात अनेकजण व्यक्त करतील. मी करणार नाही. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत आणि आवाज असाच खणखणीत राहो. सोमवारसाठी त्या कारखान्याच्या गेटवर मी आपल्या दोघांच्या नावानं पास सांगून ठेवला आहे.