माघारीचं कलम

शिरसाटबाई गेल्याचा निरोप विद्यापीठाच्या ग्रुपवर आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. वर रजेचं एक परिपत्रक, खाली कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आणि मधे ही दोन ओळींची बातमी. माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायची लाज वाटते. पण महिना उलटून गेलाय, आता लिहून टाकतो. मला वाटलं, चला, या बाईंशी भांडायचं कायमचं राहून गेलं. सहा वर्षं ते भांडण मी मनात घोळवत होतो, चांगली चांगली वाक्यं जुळवून ठेवली होती आणि बाई अशा मधूनच उठून गेल्या...

सुलोचना शिरसाट आमच्या संशोधन प्रकल्प कक्षात अधिकारी होत्या. गाव चौसाळा. आदिवासी वस्त्यांवर विद्यापीठाचं जे काही संशोधन चालायचं, त्याच्या परवानग्या, संमतिपत्रं, बैठका, अहवाल, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. आम्ही प्राध्यापक मंडळी त्यांना तेवढ्या टेबलापुरतंच धरायचो. त्या मात्र प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या वेळी स्वतः वस्तीवर यायच्या, तेही एसटीनं. विद्यापीठाची पांढरी जीप न्यायला त्यांचा ठाम नकार असायचा. "सर, या लोकांनी आजवर पोलिसांचीच गाडी बघितली हाय. जीप दिसली की निम्मी वस्ती रानात पळती. मग तुमी प्रश्न कुणाला इचारणार, कोंबड्यांला?" हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं. मी लिंबागणेशचा, घरची जमीन बरी, खानदानातला पहिला पीएचडी. असं ऐकून घ्यायची मला सवय नव्हती. तोंड वाकडं करून मी एसटीत बसलो.

माझं काम चकलांब्याच्या बाजूला एका पारधी वस्तीवर होतं. तिथल्या लहान लेकरांचं लसीकरण कावून चुकतं, हा माझा प्रश्न. ("कावून", म्हणजे का म्हणून, हा शब्द मी शोधनिबंधात वापरू शकत नाही, म्हणून इथे वापरून घेतो.) घरं कामासाठी सारखी हलतात, म्हणून चुकतं, हे उघडच होतं, पण कोण, कुठे, कोणत्या महिन्यात, किती दिवस? दोन वर्षं खपून मी प्रत्येक घराचा तक्ता केला. नावं, घराचा नकाशा, वस्ती सोडल्याच्या आणि परतल्याच्या तारखा. माझं पुस्तक आणि माझी बढती दोन्ही त्या तक्त्यावर उभी राहणार होती. संमतिपत्र बाईंनी घरोघर बसून समजावून सांगितलं होतं. त्याच्या शेवटी एक कलम होतं: कुणालाही, कधीही, कारण न देता संमती मागे घेता येईल आणि मग त्या माणसाची माहिती दोन साक्षीदारांसमोर नष्ट करावी लागेल. हे कलम कुणी वाचत नाही. मीही वाचलेलं नव्हतं.

मग एका पोलीस ठाण्याचं पत्र आलं. शेजारच्या तालुक्यात चोऱ्या झाल्या होत्या आणि त्या काळात वस्तीवरची कोणकोणती माणसं बाहेर होती, याची माहिती विद्यापीठानं पुरवावी, असं त्यात होतं. गुन्ह्याचा क्रमांक नाही, कुणा संशयिताचं नाव नाही. नुसतं "पुरवावी". आमचे तेव्हाचे वरिष्ठ म्हणाले, देऊन टाका, आपल्याला कशाला झंझट. बाईंनी ती फाईल "त्रुटी" लावून परत पाठवली. मग दुसरी त्रुटी काढून पुन्हा पाठवली. शुक्रवारी वरिष्ठांनी स्वतः सही ठोकली, सोमवारी दुपारपर्यंत तक्ता गेलाच पाहिजे. मी बाईंना म्हणालो, "चोरी केली नसेल तर घाबरायचं काय कारण?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, त्या म्हैन्यात तुमी बी आठ दिवस गावाकडं होता. इचारलं का तुमाला कुणी?"

शनिवारी सकाळी त्या मला घेऊन वस्तीवर गेल्या. का, ते सांगितलं नाही. शेवंताबाई म्हणून वस्तीवरची जाणती बाई, तिच्या दारात सगळी जमली. शिरसाटबाईंनी पत्र आलंय ते सांगितलं, लपवलं काहीच नाही, आणि मग ते शेवटचं कलम वाचून दाखवलं. रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली तर दोघं उठून उभे राहिले.

"परत अंगठा द्यायचा का?" शेवंताबाईनं विचारलं.

"न्हाई. तोंडानं सांगा, मी लिहिते. साक्षीला मी आन सर सही करतो."

"समद्यांनीच काढून घेतलं तर सरांच्या कामाचं काय?"

"सरांचं सर बघतील," बाई म्हणाल्या.

मी तिथेच उठून जायला हवं होतं, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण त्या माणसांसमोर उठवेना. एकेक घर माघार घेत होतं आणि माझी दोन वर्षं माझ्याच सहीनं पुसली जात होती. परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलो नाही.

रविवारी मी सगळा तक्ता एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. लोक विसरतील, पत्रं जुनी होतील, नावं खोडून पुस्तक तरी करता येईल, असा विचार केला. सोमवारी सकाळी कक्षात बाईंनी कागद फाडायच्या यंत्रात घातले, माझ्यासमोर संगणकावरची माहिती पुसायला लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, आजून कुठं हाय का?" नाही म्हणालो असतो तर त्यांना काहीच करता आलं नसतं. बाहेर वरिष्ठांचा शिपाई फाईल न्यायला येऊन उभा होता. बाईंनी तळहात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला... मी शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून त्यावर ठेवला. शिपायाच्या हातात फाईल देऊन त्या म्हणाल्या, "सायबांना सांगा, संमती माघारी गेली. आत नोंद जोडली हाय."

त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. चौकशी लोंबकळत राहिली, बढती अडकली आणि दोन वर्षांपूर्वी त्या तशाच निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मी मागच्या रांगेत बसलो, पेढा खाल्ला आणि न बोलता निघून आलो. मला मात्र कधी कसली नोटीस आली नाही. मला वाटायचं, आपण प्राध्यापक, आपल्याला कोण हात लावतो.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला चौसाळ्याला गेलो. वंदना झाली, लोक जेवायला बसले. त्यांची मुलगी बँकेत नोकरीला आहे. तिनं मला आत बोलावलं आणि आईच्या कपाटातून नोटिशीला दिलेल्या खुलाशाची प्रत काढून दिली. "तुमचं नाव हाय यात, बघा." खुलासा बाईंच्या अक्षरात होता. 'निर्णय सर्वस्वी माझा आहे. सरांना वस्तीवर मी नेले, साक्षीची सही मी मागितली. सरांनी त्यांच्याकडील सर्व प्रती स्वतःहून जमा केल्या.' मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पलंगाच्या कडेवर टेकलो.

"हे खरं नाही," मी म्हणालो. "एक प्रत मी खिशात ठेवली होती. त्यांनी मागितल्यावर दिली."

"माहिती हाय, सर. आईनं सांगितलं होतं." ती कपाट लावत म्हणाली. "म्हणायची, मागितल्यावर तरी दिली. लई लोक मागितल्यावर बी देत न्हाईत."

सहा वर्षं जुळवून ठेवलेल्या वाक्यांमधलं एकही मला आठवेना. मी रडलो, आणि त्या पोरीनं मला रडू दिलं. जरा वेळानं तिनं विचारलं, "तुमचंच नाव हाय, तर झेरॉक्स काढून देऊ का? समोरच दुकान हाय."

नको म्हणालो. कागद तिच्या हातात परत दिला आणि बाहेर येऊन पंगतीत बसलो.