डावीकडे ओढणारी गाडी

सकाळपासून धुकं असं बसलं होतं की गोदामाच्या दारातून रस्त्यापलीकडचा दिव्याचा खांबसुद्धा दिसत नव्हता. काटेवाला गुडघे टेकून धान्याच्या मोठ्या काट्यापुढे बसला होता. पाच किलोचं लोखंडी वजन त्याने काट्याच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं, आकडा वाचला. मग उजव्या कोपऱ्यात, मग मधोमध. तिन्ही वेळा आकडा सारखाच आला. त्याने चौथ्यांदा ठेवलं.

"अहो, पाचाचे पाच भरले की," मुकादम म्हणाला.

"भरले म्हणून तर बघतोय."

तीस वर्षं काटे दुरुस्त करून त्याचा स्वभावच असा झाला होता. मापात पाप असतंच, फक्त ते कुठल्या कोपऱ्यात दडलंय ते शोधायचं, एवढंच त्याला ठाऊक. दूधवाला हसून बोलला तर तो दूध हलवून बघायचा. बायको म्हणायची, लग्नाच्या दिवशी यांनी मलासुद्धा उजेडात नेऊन बघितलं होतं.

काम आटोपल्यावर मुकादम त्याच्या मागून बाहेर आला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून थांबला. लांबच्या प्रवासाची थोराड मोटारसायकल. पुढे वाऱ्याला अडवणारी काच, मागे दोन बाजूंना दोन पेट्या.

"म्हातारपणी पंख फुटले म्हणायचे."

"अजून माझी नाही. आठ दिवसांच्या बोलीवर आणलीय. उद्या शेवटचा."

"का? काय खोट आहे?"

"आहे. पण ती कुणी कबूल करत नाहीये," काटेवाला म्हणाला, आणि वजनांचं लाकडी खोकं उचलून त्याने डाव्या पेटीत ठेवलं. उजव्या पेटीचं कुलूप जरा अडकायचं. अडकणाऱ्या कुलपावर त्याचा भरवसा नव्हता. तिकडे फक्त जेवणाचा डबा आणि रेनकोट.

गाडी घेण्याची हौस नव्हती, असं तो सगळ्यांना सांगायचा. डोंगरावरच्या वस्त्यांत त्याची अकरा दुकानं होती, म्हणजे अकरा दुकानांचे काटे त्याच्या हातातले. वर जाणारी बस बंद झाली आणि त्याच्या जुन्या स्कूटरने तिसऱ्या वळणावर जीव टाकला. महिनाअखेरपर्यंत तो वर पोचला नाही तर दुकानदार शहरातल्या कंपनीचा माणूस बोलावणार होते. तसा निरोपच आला होता. गाडी हातची गेली की डोंगराची फेरी गेली. आणि फेरी गेली की मग गोदामातले चार काटे तपासत, मुकादमाचे विनोद ऐकत म्हातारं व्हायचं.

गाडी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची. बाई एकट्या तिच्यावरून देशभर हिंडलेल्या. आता मनगट दुखतं म्हणून विकायची, असं त्या म्हणाल्या. गाडी आरशासारखी लखलखत होती, आणि तिथेच काटेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. इतकं पुसलंय म्हणजे काहीतरी पुसून टाकलंय. "आठ दिवस चालवा. नाही पटली तर रविवारी आणून लावा," बाई म्हणाल्या, "पण रविवारच्या पुढे नको. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." काही दुखणार नाही, असं म्हणून दात उपटणारी बाई. तिच्या बोलण्यावर किती जायचं?

आणि दुसऱ्याच दिवशी खोट दिसली. गाडी डावीकडे ओढत होती. हँडल जरा सैल धरलं की ही रस्त्याकडेच्या गटाराकडे तोंड करायची. म्हणजे कधीतरी आपटलेली, सांगाडा वाकलेला, वरून रंग मारलेला. सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. डोंगराच्या रस्त्याला दरी डाव्या हाताला होती.

गुरुवारी तो गाडी मेकॅनिककडे घेऊन गेला. जाण्याआधी दोन्ही पेट्या काढून घरी ठेवल्या. गॅरेजमध्ये चार हात फिरतात, वजनांवर कुणाची नजर जायला नको. गंमत म्हणजे त्या वाटेवर गाडी सुतासारखी सरळ चालली. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की दातदुखी थांबते, तसलाच प्रकार, असं त्याने धरलं. मेकॅनिकने चाकं फिरवली, दोरी लावून बघितली, एक लांब फेरी मारून आला.

"काका, गाडी सरळ आहे. वाकडे तुम्ही आहात."

"डॉक्टरीणबाई तुझ्याकडेच यायच्या ना?"

"दहा वर्षं."

"मग तू दुसरं काय सांगणार?"

मेकॅनिकने हात पुसले आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. शुक्रवारी पेट्या लावून काटेवाला कामावर निघाला आणि गाडी पुन्हा डावीकडे. झालं, साटंलोटं आहे म्हणून त्याने शिक्का मारून टाकला.

शनिवारी गोदामातून परतल्यावर, रात्री जेवताना बायको म्हणाली, "परत करणार म्हणता, मग मघाशी अर्धा तास काच का पुसत होतात?"

"परत देताना घाण द्यायची का?"

"काचेशी बोलतसुद्धा होतात."

त्याने आमटीची वाटी पुढे ओढली. खरं सांगायचं तर गाडीचा आवाज त्याला आवडायला लागला होता. खोल, घाई नसलेला. तेच त्याला जास्त खटकत होतं. आवडलेल्या वस्तूत माणूस हमखास फसतो.

रविवारी दुपारी तो बाईंच्या अंगणात गाडी लावून उभा राहिला. बाई मनगटाला पट्टा बांधून बाहेर आल्या.

"नाही पटली?"

"ओढते. डावीकडे. आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"माझ्याकडे कधी ओढली नाही, भाऊ."

"असेल," तो म्हणाला. या एका शब्दात त्याने जे म्हणायचं ते सगळं म्हटलं. मग आपलं सामान काढायला डावी पेटी उघडली आणि खोकं दोन्ही हातांनी उचललं. खोकं बाहेर येताच गाडी आपल्या अंगाने हलली आणि स्टँडवर जरा ताठ झाली.

बाईंनी ते पाहिलं. "काय आहे त्यात?"

"वजनं."

"किती?"

"वीस किलो."

"आणि उजव्या पेटीत?"

"डबा."

बाई हसल्या नाहीत. दात बघताना बघावं तसं त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काटेवाला खोकं हातात घेऊन तसाच उभा. तीस वर्षं ती वजनं स्कूटरवर दोन पायांच्या मधोमध उभी असायची. ती ओझ्यात धरायची असतात हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्याने जगाचं मोजायचं त्यालाच कोण मोजणार? काट्याच्या चारी कोपऱ्यांत वजन ठेवून बघणारा माणूस, आणि आठ दिवस एकाच बाजूला वीस किलो टांगून हिंडत होता.

"निम्मी वजनं तिकडे टाका," बाई म्हणाल्या. "उरलेली इकडे. बघा चालवून."

संच कधी फोडायचा नाही हा त्याचा नियम होता. तो त्याने फोडला. अडकणारं कुलूप बाईंनी किल्ली जरा वर उचलून फिरवलं आणि ते मुकाट उघडलं. चौकापर्यंत जाऊन तो परत आला. हँडल सैल सोडून बघितलं होतं, एकदा नाही, चारदा. गाडी सरळ.

त्याने गाडी बंद केली. माफी मागायची सवय नव्हती. म्हणून त्याने सवयीचंच विचारलं.

"तुमचं ते दुसरं गिऱ्हाईक कोण होतं?"

बाईंनी पट्टा सारखा केला. "कोणी नव्हतं."

"नव्हतं?"

"तुम्ही आलात त्या दिवशी टाकीचं झाकण सहा वेळा उघडून बघितलंत. म्हटलं, हा माणूस वर्षभर नुसता बघतच बसेल. म्हणून सांगितलं."

काटेवाल्याच्या छातीवरचा दगड उतरला. खोट होती तर. आठ दिवस शोधत होता ती, गाडीत नाही, बाईंच्या बोलण्यात, एवढीशी, आणि ती बाईंनी उघड्या तोंडाने कबूल केली होती.

"मनगट तरी खरं दुखतं का?"

"दाबून बघा हवं तर."

"नको," तो म्हणाला. "राहू द्या. मंगळवारी डोंगरावर जायचंय मला. कागदांवर सही कुठे करू?"

घरी आला तेव्हा दारात गाडीचा आवाज ऐकून बायको बाहेर डोकावली. परत आणली का, असं तिने विचारलं नाही. ओट्यावर वाटाण्याच्या शेंगांचा ढीग होता. तिने परात त्याच्यापुढे सरकवली.

"किडके बघून घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला बरोबर सापडतात."

तो मांडी घालून बसला आणि पहिली शेंग उजेडाकडे धरून सोलायला लागला.