बाटली माझ्यासमोर धुवा!

खोकणाऱ्या माणसांत दिवस काढले की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. नव्वदच्या दशकात मी नगरला टीबीच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. आमचे डॉक्टरसाहेब म्हणजे नखशिखांत संशय!

*

एका पठ्ठ्यानं स्वतःच्याऐवजी भावाचा बेडका बाटलीत भरून आणला. झालं! साहेबांचा हुकूम सुटला, "घरच्या बाटल्या बंद. इथली घ्या, माझ्यासमोर टाकीच्या पाण्यानं धुवा आणि माझ्यासमोर थुंका!"

शिंगणापूरचे एक आजोबा भडकले. "आमच्या गावात घराला दार न्हाई, अन् तुमी बेडक्यावर पहारा ठेवता व्हय?"

साहेब म्हणाले, "धुवा."

*

गोळ्यांचंही तेच. गिळली की फर्मान, "तोंड उघडा. जीभ वर करा." पेशंटचं सोडा, आमच्या शिपायाला डोकेदुखीची गोळी दिली तरी जीभ वर!

*

बाटल्यांच्या हुकमानंतर सगळ्यांत आधी पुणतांब्याच्या पार्वतीबाईंचा कोर्स पुरा झाला, अंगही भरलं, तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच. दर वेळी!

"गोळ्या फेकता तुम्ही," साहेब म्हणाले.

मुलानं तर घरामागचा उकिरडा उकरून बघितला. सून तान्ह्या बाळाला त्यांच्याजवळ नेईना. "नातू झालाय ओ, अजून मांडीवर घेतला न्हाई," म्हणून बाई रडल्या. मला लई वाईट वाटलं. पण मायक्रोस्कोपखाली जंतू तर दिसत होते!

*

शेवटी नमुना पुण्याच्या मोठ्या लॅबला गेला. उत्तर आलं, हा टीबीचा जंतू नव्हेच, त्याच्या भावकीतला आहे. दिसायला तसाच, पण जनुकं वेगळी. भावकीतले काही फुप्फुसात बिऱ्हाड करून त्रास देतात, हा मात्र बहुधा पाण्यात राहणारा, निरुपद्रवी.

आता साहेबांना पुण्याचाच संशय! "तपासतात कुठं? ठोकून देतात." त्यांनी बाईंच्या नावानं बाटलीत नुसतं आमच्या टाकीचं पाणी भरून पाठवलं.

रिपोर्ट आला. तोच जंतू!

साहेबांनी टाकीचं झाकण काढून आत डोकावलं. मग नव्याकोऱ्या, न धुतलेल्या बाटलीत बाईंचा बेडका घेऊन परत तपासला. एकदम क्लीन!

*

सुनेला समजवायला साहेब स्वतः पुणतांब्याला गेले, मीही सोबत होतो. सुनेनं सगळं ऐकून घेतलं आणि बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी त्याला असं कवटाळलं की माझेच डोळे भरून आले. साहेबांनाही राहवेना. "बघू, द्या इकडं," म्हणत त्यांनी हात पुढं केले.

पार्वतीबाईंनी बाळ मागं घेतलं.

"आदी तोंड उघडा. जीब वर करा."

साहेबांनी केली.