दुसरा इशारा

१९८८, दिवाळीनंतरचा रविवार, तिगाव. हजर : मुलगी, तिचे आईवडील, आमचे हे, मी आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते माझे धाकटे दीर. इतका सावध माणूस पांढुर्णा आणि सौंसर मिळून दुसरा झाला नाही.

दीर सौंसरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि घरातही पेशीच्याच नियमांनी वागत. जेवायला एकदा हाक मारली तर उठायचे नाहीत. "वहिनी, एका इशाऱ्यावर रोगाशी लढणारी पेशीही हालत नाही." मग मी ताट आपटायची, तो दुसरा इशारा. एकदा शेजारच्या घरातून धूर येऊ लागला, तर दीर ओट्यावर बसून कोणी ओरडतं का याची वाट पाहत राहिले. धूर ओल्या लाकडांचा निघाला, त्यामुळे सिद्धांत आणखीच पक्का झाला.

तिगावला पोह्यांची बशी हातात आली आणि मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "काय शिकवून राहिले आजकाल?" झालं! पेशीच्या अंगावर ग्राही असतात, जंतूचा तुकडा तिथं अडकला की आत निरोप निघतो, एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, शेवटचं केंद्रकात शिरून नेमक्या जनुकाची नक्कल काढायला लावतं आणि तेव्हा कुठं पेशी लढायला उठते. "पण सोबत दुसरा इशारा पाहिजेच. नाही तर पेशी निजते, अन् मंग खरा जंतू आला तरी उठत नाही."

वडील जांभई गिळत होते. मुलगी रामाकोन्याच्या शाळेत शिक्षिका. तिनं मान वर करून विचारलं, "सर, माझा होकार आहे. हा झाला पहिला इशारा. दुसरा कोणी द्यायचा?"

दिरांना ठसका लागला तो पाण्यानंही थांबेना.

परतताना बसमध्ये म्हणाले, "विचार करून राहिलो." हिवाळाभर तेच. तिचे वडील दोनदा येऊन गेले.

"भाऊजी, पेशी निजली न मंग!" मी म्हणायची.

"घाई नका करू वहिनी."

उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली. मुलगा सौंसरचाच होता. दिरांनी ती वाचली, कॉलेजात गेले, संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, भेटली तर सांगाल तिला? निरोप आत पोचला होता. पार केंद्रकापर्यंत."

मी हो म्हटलं. बाजाराच्या दिवशी ती भेटते, लेकराला कडेवर घेऊन. संत्र्यांचे भाव, शाळा, सासू, सगळं बोलणं होतं. तेवढं सांगायचं अजून राहिलं आहे.