दलपत मिस्त्रीचा अर्ध्यावरचा पडदा

पडदा वर जातो आहे. कुरकुरत, कण्हत, पण जातो आहे. आणि माणसाच्या छातीएवढा वर जाऊन तो थांबला आहे. रसिकहो, शिट्ट्या मारू नका. दोरी अडकलेली नाही. हा पडदा लोखंडी पट्ट्यांचा आहे आणि तो इथवरच जातो. त्याच्याखालून दिसेल तेवढेच नाटक. मोटारीची चाके दिसतात, पांढऱ्या गादीची कड दिसते, गादीपाशी काढून ठेवलेल्या जरीच्या मोजड्या दिसतात. मोजड्यांचे मालक छगनलाल शेठ. स्थळ नंदुरबार, स्टेशनातून बाजाराकडे जाणारा रस्ता. साल एकोणीसशे अडतीसच्या आसपासचे. आणि पडद्याच्या अलीकडे, उन्हात, आपली भांडीकुंडी कोणी रस्त्यावर फेकल्यासारखा चेहरा करून उभा आहे तो दलपत मिस्त्री, या गोष्टीचा नायक. नायकाला उन्हात आणि मालकाला सावलीत ठेवण्याची पद्धत जुनीच आहे.

दलपत रनाळ्याच्या लोहाराचा मुलगा. विळे-कुऱ्हाडी ठोकण्यात त्याला लहानपणापासून गोडी नव्हती, कारण विळा तयार झाला की कोणी टाळ्या वाजवत नाही. मिसरूड फुटायच्या सुमारास गावावरून एका नाटक कंपनीच्या बैलगाड्या गेल्या, त्यांच्यामागे तो जो चालू लागला तो चालतच राहिला. कंपनीत त्याला भूमिका मिळाली नाही. आवाज फाटका, आणि भालदार म्हणून उभे केले तर राजाला सोडून प्रेक्षकांकडे बघून हसायचा. तेव्हा त्याला पडद्यांवर नेमले. जंगल गुंडाळायचे, राजवाडा सोडायचा, पुन्हा जंगल. दलपतचे मत असे पडले की नाटक म्हणजे पडदा. मधली माणसे पडदा वर असताना वेळ काढण्यासाठी ठेवलेली असतात. हे मत तो नटांनाही ऐकवत असे. नटांचे त्याच्याविषयीचे मत छापण्यासारखे नव्हते.

पुढे बोलपट आले आणि कंपनी नंदुरबारच्या मुक्कामी बसली. मॅनेजर प्रकृतीच्या कारणाने सुरतेच्या गाडीत बसले; त्यांची प्रकृती अजून सुधारायची आहे. बाकीचे लोक जमेल तिकडे पांगले. दलपत घराजवळच बुडाला होता, त्यामुळे त्याला फार पोहावे लागले नाही. त्याने बाजारात भाता मांडला, कमलबाईशी लग्न केले, आणि कुलपे, बिजागऱ्या, टांग्यांच्या कमानी दुरुस्त करू लागला. हात चांगला होता. फक्त कुलूप उघडले की तो एक पाऊल मागे सरकून उभा राहायचा आणि गिऱ्हाइकाने वाहवा केल्याशिवाय किल्ली देत नसे.

अशा माणसाच्या गावात छगनलाल शेठनी मुंबईहून शटर आणले.

शेठचा रुई-सरकीचा व्यापार होता आणि तो बरा चालला होता. त्यांनी मोटार घेतली. मोटार लोकांना दिसली पाहिजे, म्हणून घराच्या पुढच्या अंगाला रस्त्यालगत मोटारखाना बांधला. मोटारीजवळ बसलेले आपणही दिसलो पाहिजे, म्हणून तिथेच गादी टाकली. मोटार सहसा बाहेर जात नसे. बाहेर फार धूळ होती. मोटारखान्याला जे शटर लावले ते गावातले पहिले. वर पेटी, पेटीत दांडा, दांड्याभोवती घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग. दरवाजा खाली ओढला की स्प्रिंग आवळते, सोडला की तीच त्याला वर घेऊन जाते. ते बसवायला दलपतला बोलावले, तेव्हा बोटाच्या धक्क्याने वर जाणारा तो पडदा पाहून त्याचे डोळे भरून आले. तेव्हापासून तो रोज सकाळी, कोणी न सांगता, शटर उघडायला येऊ लागला. रस्त्यावर चार माणसे जमली असतील तर थोडे थांबून उघडायचा.

स्प्रिंगने काही वर्षे काम केले, गंज खाल्ला आणि एके दिवशी पेटीत बंदुकीसारखा आवाज करून ती तुटली. दलपत म्हणाला, मुंबईहून नवी मागवा. शेठ म्हणाले, आधी हीच जोड. त्याने तुटका तुकडा कापला, उरलेले टोक भट्टीत लाल केले, पुन्हा आकडा वळवला, रिबीट मारले. पण जोडलेली स्प्रिंग आखूड होते आणि तिचा दम कमी होतो. शटर छातीपर्यंत आले आणि दमलेल्या म्हाताऱ्यासारखे थांबले. दलपतने शेठना बजावले की हे तात्पुरते आहे, नवी येईपर्यंत.

त्या दिवशी पहिले आत आले ते इंदरचंद शेठ, म्हसावदचे. हे छगनलाल शेठचे व्याही. म्हणजे छगनलाल मुलीकडचे, इंदरचंद मुलाकडचे. याचा अर्थ असा, की लग्न झाल्यापासून छगनलाल शेठ वाकत होते आणि इंदरचंद शेठ ताठ होते, आणि हे दोघांच्या हयातीत बदलणार नव्हते. ते त्या सकाळी बदलले. इंदरचंद शटरखालून कमरेत वाकून आत आले, वर व्हायची घाई केली, कपाळ आपटले आणि पुन्हा वाकले. म्हणजे दोनदा.

छगनलाल शेठ गादीवर बसून हे पाहत होते. मग स्टेशनमास्तर वाकून आले. कोरीटचे पाटील फेटा सांभाळत वाकून आले. शेठ स्वतः घरातून मागच्या दाराने मोटारखान्यात येत, त्यामुळे त्यांना वाकायचे कारण नव्हते. संध्याकाळी दलपत नव्या स्प्रिंगचे विचारायला गेला, तेव्हा शेठ मोठ्या समाधानाने म्हणाले, "ऱ्हाऊ दे दलपत. बठ्ठं बराबर शे."

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला. उत्तर तेच, सगळे बरोबर आहे. शिडी लावू का म्हटले तर शेठ शिडीला हात लावू देईनात. मोटार बाहेर काढायची असली की मात्र दलपतला बोलावणे यायचे. तो शटर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून उभा राहायचा, मोटार खालून निघून जायची.

शेठना रोज नमस्कार मिळत होते. दलपतचे नाव रोज जात होते. कपाळाला टेंगूळ आलेला प्रत्येक माणूस विचारायचा, हे कोणी केले? आणि गाव आनंदाने सांगायचे. इंदरचंद शेठ म्हसावदला कापसाचे नवे गोडाऊन बांधत होते, त्याची सगळी शटरे दलपतने बसवायची असे ठरत आले होते. कपाळ चोळत त्यांनी निरोप पाठवला की मिस्त्री दुसरा बघू. त्याच्या मागोमाग बाजारातल्या लोकांनी कुलपेसुद्धा दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. कमलबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आयकतस का? लोके म्हनतस, दलपतना हात लागना का दरवाजा वर जात नही." वर हेही म्हणाली की नाटकात निदान पडदा पूर्ण पडायचा, तुमचा तर अर्ध्यातच लोंबतो. दलपत जेवणावरून उठला नाही, कारण जेवण चांगले होते. पण त्याला झोप लागली नाही.

अडचण अशी की खरे सांगावे तर कोण ऐकणार? "शेठना स्प्रिंग तुटकीच आवडते," असे एका मिस्त्रीने सांगितले तर लोक मिस्त्रीलाच डॉक्टरकडे नेतील. शेठच्या तोंडूनच ते निघायला हवे होते, आणि शेठ गादीवर बसून नमस्कार घेत होते.

अशा वेळी रंगभूमीवर देव येतात. इथे उमरावबाई आल्या. शेठच्या आई. बरीच वर्षे मारवाडात मूळ गावी होत्या. कळवलेल्या दिवसाच्या आदल्याच दिवशी त्या टांग्यातून मोटारखान्यासमोर उतरल्या, हातात नारळ आणि कुंकवाचा करंडा. मुलाची मोटार पहिल्यांदा पाहायची ती समोरून, पूजा करून, असे त्यांनी गाडीतच ठरवले होते. इंदरचंद शेठ तिथेच होते. टेंगूळ आल्यापासून ते आत जात नसत, बाहेर उभे राहून शटरखालून बोलत. दलपतही होता. तो रोजच असायचा.

म्हातारीने शटरकडे पाहिले, शटरखालून दिसणाऱ्या मोजड्यांकडे पाहिले, आणि शांतपणे विचारले, "छगन, म्हैं थारै आगै झुकूं?"

ज्यांना मारवाडी येत नव्हती त्यांनाही ते समजले. आतून मोजड्या घाईघाईने पायांत गेल्या आणि शेठचा आवाज आला, की आई, हे त्या मिस्त्रीचे काम, त्याने दरवाजाची पार वाट लावली.

दलपत पुढे झाला, शटरखाली खांदा घातला आणि पडदेवाल्याच्या जुन्या सवयीने सावकाश, कुठेही हिसका न देता ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून उभा राहिला. पूर्ण रंगमंच उघडा झाला. उमरावबाई ताठ मानेने आत गेल्या. छगनलाल शेठ त्यांच्या पायांवर वाकले; त्या गादीसमोर त्यांचे ते पहिलेच वाकणे. इंदरचंद शेठनी इतक्या दिवसांनी ताठ आत जायची संधी साधली आणि ते बरोबर शटरखाली आले, तेव्हा दलपतने तोंड उघडले.

"शेठजी, मन्हा खांदा भरी उना. हाऊ पडदा खाले ठेवानी मर्जी कोनी व्हती, तितलं सांगी द्या. मंग मी सोडस."

इंदरचंद शेठनी डोक्यावरच्या शटरकडे पाहिले आणि ते जागच्या जागी थिजले. उमरावबाईंनी मुलाकडे पाहिले. बाहेर टांगेवाला, पानवाला, निम्मा बाजार.

"मन्ही," छगनलाल शेठ म्हणाले. "मिस्त्रीनी काही कसूर नही."

मागून पानवाला ओरडला की ऐकू आले नाही. शेठना पुन्हा म्हणावे लागले.

नवी स्प्रिंग आली. दलपतने तिला एक पीळ जास्तच दिला असावा, कारण पहिल्या दिवशी शटर असे सुटले की पेटीवर आदळल्याचा आवाज स्टेशनपर्यंत गेला. दलपत एक पाऊल मागे सरकून उभा राहिला. छगनलाल शेठ मोटारीवरची धूळ पुसत राहिले. शेवटी इंदरचंद शेठनी टाळ्या वाजवल्या, आणि वाजवल्या त्याही व्याह्यांकडे बघत. म्हसावदच्या गोडाऊनची शटरे दलपतनेच बसवली. पुढे नंदुरबारात दुकानादुकानाला शटरे आली आणि प्रत्येक तुटकी स्प्रिंग त्याच्याच भट्टीत लाल झाली. जोडताना तो गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, लोकांनी किती वाकायला हवे? मग स्वतःच हसायचा.

जर्मनीची लढाई संपली त्या वर्षी त्याच्या छातीने दगा दिला. भट्टीचा धूर आयुष्यभर फुकट घेतला होता, तो वसूल झाला. गल्लीतले त्याचे घर मातीचे, दार ठेंगणे. ज्याच्या हाताने निम्म्या बाजाराचे दरवाजे वर गेले, त्याला स्वतःचे दार उंच करायला सवड झाली नव्हती. एका दुपारी छगनलाल शेठ काठी टेकत त्याला पाहायला आले. तेही आता थकले होते. दाराशी थबकले, पगडी काढून हातात घेतली, आणि कमरेत वाकून आत येऊ लागले. दलपतने डोळे उघडून ते वाकणे नीट पाहून घेतले. मग तो जे बोलला ते त्याचे शेवटचे, असे कमलबाई सांगायची.

"जपीसन या शेठजी. आम्हना घरनी स्प्रिंग पहिलेपासूनच तुटेल शे."