सगळ्यांना एकच चष्मा

कल्लाप्पा पेंटरने आयुष्यात एकही पुस्तक वाचलं नाही, आणि हे तो छाती फुगवून सांगायचा. खासबागेत त्याचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि लेखकांची चित्रं, एवढा त्याचा पसारा. आमच्या सीमाभागात थंडी पडली की गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. येळ्ळूर असो की उचगाव, तिथल्या स्टेजवर टेबलाला टेकवून ठेवलेले थोर साहित्यिक बहुतेक याच्याच हातचे असायचे. सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ वाटायचे.

पुस्तकांतली चित्रंही तो काढी. माझ्या एका मित्राने फाउंड्रीतल्या कामगारांवर कथा लिहिली होती. तिच्यावर कल्लाप्पाने विहिरीवर घागर घेऊन उभी असलेली बाई काढून दिली. पुढची कथा दवाखान्यातली. तिथेही तीच बाई, फक्त घागर काखेतून डोक्यावर गेलेली. मित्राने जाब विचारला तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "मी वाचत न्हाय. वाचलं की चित्र चुकतंय." या माणसाला शहाणपण शिकवायला कुणी जात नसे, कारण वेळेवर आणि स्वस्तात काम देणारा दुसरा कुणी नव्हता. आमच्या साहित्यप्रेमाची उडी तेवढीच.

त्याचा खरा मान संमेलनाच्या प्रतिमापूजनात होता. उद्‌घाटनाआधी प्रत्येक पाहुण्याला एकेका साहित्यिकाच्या प्रतिमेला हार घालायला बोलवायचं, ही आमच्याकडची रीत. कुणाला डावलून चालत नाही. त्यामुळे किती साहित्यिकांची पूजा व्हायची, हे साहित्यावर नाही, पाहुण्यांवर ठरतं. पाहुणे वाढले की थोर साहित्यिकही वाढतात. एका गावात आयत्या वेळी एक प्रतिमा कमी पडली, तर कल्लाप्पाने सोसायटीच्या एका मयत चेअरमनच्या चित्राला मिशा आणि चष्मा काढून दिला. एका जिल्हा पंचायत सदस्याने त्याला हार घातला, हात जोडले आणि यांच्या लेखणीने सीमाभाग जागा झाला, असं भाषणातही सांगितलं. हे कोण, असं एकानेही विचारलं नाही.

अशाच एका वर्षी पाहुणे तेरा आणि प्रतिमा बारा झाल्या, आणि कमिटीला माझ्या आईची आठवण झाली. आई वडगावची, मागावर बसणारी. सुताच्या कांड्या भरताभरता मनात गोष्टी जुळवायची आणि दुपारी वहीत उतरवायची. तिच्या हयातीत त्या गोष्टींचं एक पातळसं पुस्तक निघालं होतं. ते कमिटीत कुणी वाचलेलं नव्हतं, पण स्थानिक बाई मिळाली याचा त्यांना आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मलाही झाला.

आईला फोटोचा कंटाळा. ओळखपत्रावर नुसता काळा डाग होता. बहिणीच्या लग्नात कुणीतरी तिला नकळत टिपलं होतं, तेवढाच एक चांगला फोटो. त्यात ती माझ्याकडे बघते आहे, उजवा डोळा किंचित बारीक करून, धाग्यातली गाठ शोधताना करायची तसा. तो फोटो मी स्वतः नेऊन कल्लाप्पाच्या हातात दिला. कॉपी काढून घ्यावी एवढी अक्कल मला सुचली नाही. मी मराठी शिकवणारा मास्तर.

चार दिवसांनी बघायला गेलो तर आईच्या डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा. मी म्हटलं, अण्णा, आईने जन्मात कधी चष्मा लावला नाही, शेवटपर्यंत तुटलेला धागा ती नुसत्या डोळ्यांनी जोडायची. तो ब्रश पुसत राहिला.

"सर, चष्मा न्हाय घातला तर लोकं म्हणतील, ही कुणाची आक्का बसवलीया. चष्मा घातला की कळतंय, लिवणारी हाय."

काढून टाक म्हटलं, तर म्हणाला, रंग वाळलाय, संमेलन उद्या. मला त्याची किळस आली. पण दुसऱ्या दिवशी मी स्टेजवर गेलो, कारण परिसंवादात माझं नाव होतं. लोक प्रतिमेकडे बघून हुबेहूब, हुबेहूब म्हणत होते. मी माइकसमोर उभा राहून कल्लाप्पाचे आभार मानले. त्याने शाल घेतली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

मूळ फोटो मात्र तो देईना. आज देतो, उद्या देतो, पाट्यांच्या ढिगात असंल. असं करत दोन वर्षं गेली आणि गेल्या उन्हाळ्यात तो वारला. शोकसभेला मी गेलो नाही. त्याच्या मुलाने दुकान आवरताना एक पाकीट सापडलं म्हणून फोन केला, तेव्हा धावत गेलो.

फोटो मोठा करायला पेंटर त्यावर चौकटी आखतात, तेवढं मला ठाऊक होतं. या माणसाने आईच्या चेहऱ्यावर बॉलपेनने चौकटी आखल्या होत्या, आणि विसरू नये म्हणून चष्माही तिथेच काढून ठेवला होता. काचांच्या जागी शाई गिरवलेली. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, बाबास्नी वाटलं असंल, दुसरा फोटो हाय तुमच्याकडं."

घरी आलो. कापसाला स्पिरिट लावून हलक्या हाताने पुसायला घेतलं. चौकटी पुसट झाल्या, चष्म्याची काडी गेली, मला बरं वाटलं. म्हणून जरा जोर लावला. शाई निघाली आणि तिच्याबरोबर डोळेही निघाले. खालचा पांढरा कागद दिसायला लागला.

कमिटीने ती प्रतिमा पुढच्या वर्षी मला देऊन टाकली, तेव्हा पाहुणे कमी होते. ती आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. आंघोळ झाली की मी तिला फूल वाहतो. त्या पेंटरला शिव्या देतो आणि हात जोडतो. उजवा डोळा ती नेमका किती बारीक करायची, ते मला आता आठवत नाही.